वर्गणीची वही आणि विसर्जनाचे पाणी

२०२५ च्या फेब्रुवारीत, माघी गणेशोत्सव आटोपता आटोपता, मुंबईच्या पश्चिम उपनगरांत एक अजब दृश्य दिसले. वाजतगाजत विसर्जनाला निघालेल्या काही मंडळांच्या मोठ्या मूर्ती पाण्यापर्यंत पोचल्याच नाहीत. उच्च न्यायालयाने ३० जानेवारीला बजावले होते, की प्लास्टर ऑफ पॅरिसवरील बंदीची अंमलबजावणी आता झालीच पाहिजे. पोलिसांनी आणि पालिकेने वाट अडवली, कार्यकर्ते चिडले, आणि शेवटी गणपती आल्या वाटेने परत गेले. 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून निरोप दिलेला पाहुणा दारातूनच परत फिरावा, तसे झाले. त्यांतल्या काही मूर्ती पुढे जवळजवळ सहा महिने झाकून ठेवलेल्या होत्या. जुलैअखेर न्यायालयाने उंच मूर्तींना नैसर्गिक पाण्यात विसर्जनाची मुभा दिली, तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये त्यांची सुटका झाली. सुटका हा शब्द देवाच्या बाबतीत वापरताना जीभ अडखळते, पण दुसरा सुचत नाही.

त्या वर्षभरात कायद्याची गाडी कशी धावली, ते थोडक्यात सांगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१० साली काढली आणि मे २०२० मध्ये सुधारली. सुधारणेत प्लास्टरला सरळ मनाई होती. करोनामुळे तिला एक वर्षाची सवलत मिळाली, आणि नंतरही दर वर्षी काही ना काही वाट निघत गेली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती घडवायला परवानगी दिली, पण नैसर्गिक जलाशयात त्या बुडवायच्या नाहीत अशी अट घातली. २४ जुलैला आणखी तडजोड झाली: सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावात, त्याहून उंच असतील आणि दुसरा पर्याय नसेल तर समुद्रात. ही व्यवस्था मार्च २०२६ पर्यंतच्या उत्सवांसाठी होती. मधल्या काळात, १० जुलैला, राज्य सरकारने गणेशोत्सवाला 'राज्य महोत्सव' म्हणून जाहीर केले.

म्हणजे पाहा, सहा फुटांच्या आतली घरगुती मूर्ती समुद्राला बाधक, आणि अठरा फुटांची चालते! कायद्याला व्यवहारापुढे वाकावे लागते हे मला समजते. पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला ते समजलेच पाहिजे. मोठ्या थकबाकीदाराला मुदतवाढ आणि छोट्याला नोटीस, हा प्रकार आम्हालाही नवा नाही.

या साऱ्या वादात चर्चा एकाच पदार्थाभोवती फिरत राहिली. प्लास्टर की शाडू? माझे म्हणणे असे, की प्लास्टर हा रोग नव्हे, तो ताप आहे. रोग शोधायचा तर मंडळाची वर्गणीची वही उघडावी लागते. कादंबऱ्या मी नंतर लिहू लागलो. आधी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या वाचल्या आहेत. तेव्हा आज तेच करू.

पण आधी प्लास्टरला न्याय देऊ. जिप्सम नावाचा दगड साधारण दीडशे अंशांपर्यंत तापवला, की त्यातले बरेचसे पाणी निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यात पाणी कालवले, की ती पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. हे जिप्सम पाण्यात अजिबात विरघळत नाही असे जे सांगितले जाते, ते तितकेसे खरे नाही. लिटरभर पाण्यात ते दोन-अडीच ग्रॅम विरघळते. आता हिशेब करा. दहा किलोची मूर्ती पूर्ण विरघळायची तर तिला एकटीला किमान चार हजार लिटर पाणी हवे, तेही ताजे आणि ढवळते. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये अडीच मूर्ती. गावच्या विहिरीत आणि शहरातल्या तळ्यात पाचशे मूर्ती गेल्यावर काय होणार, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. तळाशी खच साठतो, साचलेल्या पाण्यातल्या सल्फेटचा पुढे कुजका वास येऊ लागतो, आणि रंगांतले शिसे-पारा असेल तो वेगळाच.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर एक घरगुती उपाय सांगितला. बादलीत पाणी, त्यात अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे बेकरीत वापरतात तो खार. त्यात प्लास्टरची मूर्ती ठेवली, की तिचे खडूसारख्या चुन्यात आणि अमोनियम सल्फेटमध्ये रूपांतर होते. हे दुसरे म्हणजे खतच. पुणे महापालिकेने हा खार नागरिकांना फुकट वाटला. उपाय उत्तम आहे, पण बादलीत मावणाऱ्या मूर्तीपुरता.

आता शाडूकडे वळू. शाडू म्हणजे निर्दोष, असा आपला समज आहे. ही माती मुख्यतः गुजरातेतून, भावनगरच्या बाजूने येते. कुठल्या तरी जमिनीतून ती उकरली जाते, ट्रकांनी शेकडो मैल येते आणि आपल्या तळ्यांत गाळ होऊन बसते. ती विषारी नाही हे खरे. पण लाखो घरांनी मोठाल्या शाडूच्या मूर्ती आणून एका दिवशी एकाच तळ्यात सोडल्या, तर तळे उथळ होणारच. माती बदलली आणि आकार तसाच राहिला, तर निम्मेच काम होते.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझी बदली पेणच्या बाजूला होती. हमरापूर, जोहे या गावांत घरोघरी गणपतीचे कारखाने. दिवाळी सरली की साचे निघायचे, आणि आषाढात डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिरांना जेवायला फुरसत नसायची. कर्जप्रकरणासाठी पाहणीला गेलो, की उंबऱ्यापासून माडीपर्यंत पांढऱ्या गणपतींच्या रांगा. एका कारखानदाराशी माझे बऱ्यापैकी जमले होते. वयाने वडीलधारा माणूस. शाडूचे काम त्याच्या वडिलांपासून चालत आलेले, पण तोवर निम्मा कारखाना प्लास्टरचा झाला होता. मी कारण विचारले. तो म्हणाला, "साहेब, तुमची बँक ओल्या मातीवर कर्ज देते का?"

मी हसलो, पण प्रश्न नेमका होता. शाडूची मूर्ती वाळायला दिवस घेते, पावसाळी हवेत तर फारच. वाळताना तडा जातो. वजन जास्त, म्हणून टेम्पोत कमी मावतात आणि वाटेत फुटतात. प्लास्टरमध्ये काथ्या घालून साच्यात ओतले, की थोड्या वेळात मूर्ती हातात. हलकी, टणक. यंदा खपली नाही तर पुढच्या वर्षी रंग मारून विकता येते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर प्लास्टरची मूर्ती हा तारण ठेवण्याजोगा माल आहे. शाडूची मूर्ती म्हणजे भाजीपाला. जानेवारीत माल भरायचा, भाद्रपदात विकायचा, मधले सात-आठ महिने व्याज भरायचे. असा धंदा करणाऱ्याने टिकाऊ माल निवडला, यात त्याचे काय चुकले? आणि गिऱ्हाईक काय करत होते? आदल्या आठवड्यात येऊन चार दुकाने फिरून घासाघीस करीत होते.

म्हणून जेव्हा कुणी 'मूर्तिकारांनी पर्यावरणाचा विचार करावा' असे लिहिते, तेव्हा मला त्या वडीलधाऱ्या माणसाचा प्रश्न आठवतो. साऱ्या साखळीतला सर्वांत दुबळा दुवा तो. बंदीचा हुकूम निघाला की भरलेला माल त्याच्या अंगावर पडतो. आदेश देणाऱ्याच्या किंवा मंडळाच्या अंगावर काही पडत नाही. २०२५ च्या जानेवारीत हुकूम निघाला तेव्हा कारखान्यांतून साचे केव्हाच भरून झाले होते.

यावर उपाय अवघड नाही. घरगुती गिऱ्हाइकाने माघातच मूर्ती नोंदवावी आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. कोकणातल्या गणपतीच्या शाळेत पूर्वी पाट नेऊन ठेवत. पाट ठेवला म्हणजे मूर्ती ठरली. त्या पाटात नोंदणी, विश्वास आणि मापही आले: पाटावर मावेल एवढाच गणपती. आगाऊ मागणी हातात असली, की कारागिराला टिकाऊ माल साठवायचे कारणच उरत नाही. बँकांनीही कच्च्या मालावर जेवढे कर्ज दिले तेवढे वाळवणाच्या शेडवर द्यावे. पावसाळ्यात कोरडी, खेळती हवा देणारी शेड ही शाडूच्या धंद्याची खरी यंत्रसामग्री आहे. मुंबई महापालिका अलीकडे मूर्तिकारांना शेकडो टन शाडू आणि मंडपाची जागा फुकट देते. ते चांगलेच आहे, पण माती फुकट मिळाल्याने ती लवकर वाळत नाही.

घरगुती गणपतीचा प्रश्न मला तेवढा कठीण वाटत नाही. मुंबईत वर्षाला दोन लाखांच्या आसपास मूर्तींचे विसर्जन होते, त्यांत फार मोठा वाटा घरच्यांचा. २०२५ मध्ये पालिकेने अडीचशेहून अधिक कृत्रिम तलाव केले आणि लोक तिथे गेले. सुरुवातीला हेच लोक कृत्रिम तलावाला 'टाकी' म्हणून नाक मुरडत होते. कोल्हापुरात पंचगंगेऐवजी इराणी खणीत विसर्जन होते. नव्वदच्या दशकात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे कार्यकर्ते नदीकाठी उभे राहून 'विसर्जित मूर्ती दान करा' म्हणत, तेव्हा त्यांना धर्मबुडवे म्हणणारे कमी नव्हते. आज तेच काम पालिकेचे कर्मचारी ध्वनिक्षेपकावरून आवाहन करून करतात, आणि माणसे रांगेत उभी राहून मूर्ती देतात. दाभोलकरांचा २०१३ साली खून झाला. त्यांच्याशी ज्यांचे मुळीच पटत नव्हते, अशांच्या घरचे गणपतीही आता त्यांनी सांगितलेल्या वाटेने जातात.

आणि धर्माचेच बोलायचे तर घरच्या पूजेतल्या गणपतीला 'पार्थिव' म्हणतात. पार्थिव म्हणजे मातीचा. प्राणप्रतिष्ठा होते तेव्हा देव येतो, उत्तरपूजेला अक्षता वाहून मूर्ती जागची किंचित हलवतात, तेव्हा देव गेला. मागे उरते ती माती. ती समुद्रात सोडा, बादलीत सोडा, अंगणातल्या तुळशीत घाला. माझ्या आजीला हे ठाऊक होते. ती काही पर्यावरणवादी नव्हती.

खरी गाठ सार्वजनिक मंडळापाशी आहे. आता वहीकडे येतो.

बँकेतला माणूस दिसला, की मंडळाचे खजिनदारपद त्याच्या गळ्यात पडते. माझ्याही पडले. आधी चाळीत, नंतर सोसायटीत. चाळीतली वही मी पाहिली आहे. जमेच्या बाजूला नावांच्या ओळीच ओळी: कुणाचे पाच रुपये, कुणाचे अकरा, वाण्याचे एकवीस, डॉक्टरांचे एक्कावन्न. खर्चाच्या बाजूला मूर्ती, मंडपाचे कापड, भाड्याचा ध्वनिक्षेपक, सत्यनारायणाचा शिरा, मुलांच्या स्पर्धांची बक्षिसे. शिल्लक उरली तर पुढच्या वर्षाला, तूट आली तर अध्यक्षांच्या खिशाला. त्या उत्सवाला एक आपोआप बसलेला लगाम होता. चाळीच्या खिशापेक्षा गणपती मोठा होऊच शकत नव्हता. आणि वर्गणी देणारा माणूस दुसऱ्या दिवशी विचारत असे, "शिऱ्याला एवढा तुपाचा खर्च कसा हो?" या माणसाचा तेव्हा आम्हाला फार राग यायचा. आज वाटते, उत्सवाचा खरा लेखापरीक्षक तोच होता.

१९९१ नंतर बाजार खुला झाला. साबण, शीतपेये, नंतर मोबाइल, मग बिल्डर, आणि सर्वांत शेवटी, सर्वांवर कुरघोडी करून, भावी नगरसेवक. रस्त्यावर कमानी उभ्या राहिल्या. आमच्या भाषेत 'गेट'. एका गेटचे पैसे शंभर घरांच्या वर्गणीहून अधिक. वर्गणीसाठी दारोदार हिंडणारी पोरे घरी बसली. हिंडताना ज्या आजींना पाणी विचारायची, ज्या काकांशी भांडायची, ते सारे सुटले. जमेची बाजू एका ओळीत मावू लागली.

जाहिरातदार पैसे देतो ते डोळ्यांसाठी. जितके डोळे गेटखालून जातील तितका गेटचा भाव. डोळे येतात ते उंचीला, रोषणाईला, आवाजाला आणि 'नवसाला पावतो' या कीर्तीला. मग शेजारच्या मंडळाची चौदा फुटांची असेल तर आपली अठरा. एवढी उंची कमी दिवसांत, कमी पैशात आणि कमी वजनात द्यायला प्लास्टरशिवाय सोपे साधन नाही. आवाजाचेही तसेच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. स्पीकरच्या भिंतींसमोर उभे राहून ती वाचून दाखवायची, तर वाचणाऱ्याचाच आवाज ऐकू येणार नाही. पुण्याची विसर्जन मिरवणूक अलीकडे तीस तासांच्या आसपास चालते. २०२५ मध्ये लालबागच्या राजाची मूर्ती गिरगाव चौपाटीवर भरतीच्या पाण्यात तासन् तास थांबून राहिली, कारण तराफ्याचे आणि भरती-ओहोटीचे गणित जुळेना. लाखो लोक हात जोडून समुद्राकडे पाहत होते. त्यांच्या भक्तीबद्दल मला शंका नाही. उंची आणि वजन मात्र असे झाले आहे, की निरोप द्यायलाही यंत्रांची आणि ग्रहताऱ्यांची मनधरणी करावी लागते.

आता खर्चाच्या बाजूला एक ओळ कायम गाळलेली दिसते. ती म्हणजे दुसऱ्या दिवसाची. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या सकाळी चौपाटीवर, घाटावर, रस्त्यावर जे पडलेले असते, ते उचलणारे हात कुणाचे? निर्माल्याचे ट्रक, तराफे, क्रेन, तलाव खणायचे आणि पुन्हा बुजवायचे, सफाई कामगारांच्या दोन पाळ्या. हे सारे पालिकेच्या खात्यात. पुण्यात कचरावेचक स्त्रियांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घाटांवर उभी राहून निर्माल्य वेगळे काढते. त्या बायकांच्या नावाचे गेट मी कुठे पाहिले नाही. नफा माझ्या खात्यात आणि तोटा नगरपालिकेच्या, अशी नोंद एखाद्या कारकुनाने बँकेत केली असती, तर त्याची चौकशी लागली असती.

खर्च वसूल करू पाहिले तर काय होते, याचे उदाहरण ताजे आहे. मंडपासाठी रस्त्यावर खड्डा खणला तर मुंबईत खड्ड्यामागे दोन हजार रुपये दंड होता. २०२५ च्या उत्सवाआधी पालिकेने तो पंधरा हजार केला. मंडळांनी आरडाओरडा केला, पुढाऱ्यांनी मध्यस्थी केली, आणि दंड पुन्हा दोन हजारांवर आला. पंधरा हजार छोट्या मंडळाला जड आहेत हे मान्य. पण वाटाघाट खड्ड्याच्या दराची झाली. खड्डा न खणता मंडप उभारण्याची झाली नाही.

दोन वर्षे आपल्याला एक प्रयोग करून पाहायला मिळाला होता, तोही सक्तीने. २०२० आणि २०२१ मध्ये सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची आणि घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा होती. गर्दी नाही, मिरवणूक नाही. लालबागच्या मंडळाने तर २०२० मध्ये मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घडवून आणले. त्या दोन वर्षांत कुणाची श्रद्धा आटली असे काही आढळले नाही. देव कोपला असेही नाही. कोपलेला रोग आधीपासूनच दारात होता. २०२२ मध्ये मर्यादा उठली आणि मूर्ती पुन्हा वाढल्या. लोकांना उंच गणपती हवा होता म्हणून वाढल्या, असे म्हणतात. थोडेसे खरे असेल. पण दोन वर्षे उपाशी राहिलेली गेटेही होती.

मंडळांची दुसरी बाजूही आहे, आणि ती सोडून देणे लबाडीचे होईल. ज्या वस्तीत मुलांना खेळायला मैदान नाही आणि नोकरीला ओळख नाही, तिथे दहा दिवस पोरगा छातीवर कार्यकर्त्याचा बिल्ला लावून रांग सांभाळतो, हरवलेले मूल आईपाशी पोचवतो. त्याला कुणीतरी भाऊ म्हणते. पूर आला की हीच पोरे दोर घेऊन पुढे असतात. त्यांच्या हातून ढोल काढून घ्यायचा आणि कापडी पिशवीवरचे व्याख्यान ठेवायचे, असा उपदेश मी करणार नाही. उत्सव त्यांचा आहे. म्हणूनच तो त्यांच्या हातून जाहिरातदाराच्या हातात कसा गेला, हे त्यांनाच कळायला हवे.

आणि नमुने परदेशातून आणायची गरज नाही. पुण्यात भाऊसाहेब रंगारींच्या गणपतीची राक्षसाचा वध करणारी मूर्ती १८९२ ची. लाकूड आणि भुसा वापरून केलेली. ती आजही तीच आहे. सार्वजनिक उत्सव आधी कुणी सुरू केला, रंगारींनी की टिळकांनी, यावर पुणेकरांनी हवे तितके भांडावे. पण ज्या मूर्तीपासून ही परंपरा मोजायची त्यांतली एक मूर्ती सव्वाशेहून अधिक वर्षांत बुडवलेलीच नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य व्हावे. दगडूशेठ हलवाई गणपतीची मुख्य मूर्ती विसर्जित होत नाही, पूजेची लहान मूर्ती होते. तुळशीबागेचा भव्य गणपती फायबरचा, वर्षानुवर्षे तोच. पाहायला मोठी मूर्ती कायमची, पूजेला हातभर मातीची: ही तोड पुण्याने केव्हाच काढली आहे. मुंबईत किंग्ज सर्कलच्या जीएसबी मंडळाचा २०२५ चा विमा चारशे सत्तर कोटींच्या पुढे होता. त्यातला मोठा भाग सोन्याचा नसून स्वयंसेवक आणि माणसांच्या अपघाताचा होता, हे मी विमापत्राच्या बातमीतून मुद्दाम वाचून काढले. या सर्वांत श्रीमंत मंडळाची मूर्ती शाडूची असते. तेव्हा 'परवडत नाही' हे उत्तर निदान वरच्या शंभर मंडळांनी देऊ नये.

गोव्यात चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला रानातली फळे, फुले, कंदमुळे, सुपारीचे घोस, नारळ. जे त्या मोसमात त्या मातीत येते तेच वर टांगायचे. थर्मोकोलच्या मखरावर महाराष्ट्रात २०१८ मध्ये बंदी आली तेव्हा आपण 'आता सजावट कशाची?' म्हणून हवालदिल झालो होतो. गोव्याच्या खेड्यातल्या बाईला हा प्रश्न पडला नसता. आणि नवी मुंबईत बेलापूरजवळ आग्रोळी गावात १९६१ पासून 'एक गाव एक गणपती' आहे. घरोघरीच्या गणपतीपायी माणसे कर्जात बुडत, म्हणून गावाने एकत्र यायचे ठरवले, असे सांगतात. सावकाराच्या वहीतून निघालेली ही सुधारणा एक माजी बँक अधिकारी म्हणून मला विशेष प्रिय आहे.

अर्थात, कायमची मूर्ती ठेवायची तर उंच मूर्ती घडवणाऱ्या मुंबईच्या कारखान्यांनी काय करायचे, हा प्रश्न उरतो. कायमच्या मूर्तीला दर वर्षी रंग, डागडुजी, दागिन्यांचे काम लागते, देखावे लागतात. पण उत्पन्न कमी होईल हे नाकारण्यात अर्थ नाही. पेणचे मात्र नुकसान होईलच असे नाही. पेण चालते ते घराघरांतल्या लहान मूर्तींवर. लहान, मातीची, आधी नोंदवलेली आणि दोन पैसे जास्त देऊन घेतलेली मूर्ती ही तिथल्या कारागिराला प्लास्टरच्या पाच मूर्तींइतके देऊ शकते. फक्त दोन पैसे जास्त द्यायची आपली तयारी हवी. मोदकाच्या पेटीला किती दिले हे आपण विचारत नाही, मूर्तिकाराशी मात्र पन्नास रुपयांसाठी भांडतो.

मंडळांसाठी माझी सूचना एका पानाची आहे. वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते आणि हिशेब द्यावा लागतो. तो हिशेब फायलीत जातो. त्याऐवजी तोच मंडपाच्या दारात, देणगीदारांच्या फलकाएवढ्याच मोठ्या अक्षरांत लावावा. जमेच्या बाजूला दोन ओळी वेगळ्या: रहिवाशांची वर्गणी किती, जाहिरातीचे किती. खर्चाच्या बाजूला 'दुसरा दिवस' अशी एक ओळ सक्तीची. त्यात निर्माल्य, सफाई, खड्डे, विसर्जन. रक्कम शून्य असेल तर शून्य लिहावे. रांगेत तासभर उभा असलेला माणूस वाचायला काहीतरी शोधतच असतो.

आमच्या सोसायटीत हे मी गेल्या वार्षिक सभेत मांडले. १३२ घरे, पाच फुटांची मूर्ती, रस्त्याकडेला दोन गेटे. मी म्हटले, गेटे नकोत, मूर्ती हातभर, मातीची. आमचा चिटणीस तिशीतला, मोठा कामसू मुलगा. तो उठून म्हणाला, "काका, गेटचे एक लाख ऐंशी हजार येतात. ते तुम्ही देणार का?"

मी कागद घेऊनच गेलो होतो. एक लाख ऐंशी हजार भागिले १३२, घरामागे वर्षाला १३६४ रुपये; महिन्याला ११४. सभेत शांतता पसरली. मग मागून एक बाई म्हणाल्या, "महिन्याचे घ्या, पण दारावर येऊन घ्या. ऑनलाइन नको. कुणी येतच नाही हो हल्ली." त्यावर बरेच हसले. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी गेटचा जाहिरातदार आपला मेहुणा असल्याचे सांगून तीव्र विरोध नोंदवला. मतदान झाले. एक गेट राहिले, एक गेले. मूर्ती तीन फुटांची ठरली, शाडूची, आणि आगाऊ रक्कम पेणला पाठवायचे काम माझ्याकडे आले. दारोदार जाण्यासाठी चिटणिसाने पोरांची यादी केली आहे. माझ्या जिन्याला दोघी आहेत, सातवीतल्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला पावती देताना विचारले, "आजोबा, सुट्टे नाहीत का?"